नाव लावणे

मामांनी मला गाडी दिली ती २०११ च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात तयार झालेली, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली. मामा सांगलीत माध्यमिक शाळेत गणित शिकवीत. १९८१ मध्ये त्यांनी ती मिरजेच्या एका डॉक्टरांकडून, म्हणजे जुनीच, विकत घेतली होती. किल्ली माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "ही तुझी." मामींनी विचारले, "आणि कागद?" "कागदांचं बघू सावकाश," मामा म्हणाले. मामेभाऊ पुण्याहून आलेला होता. तो जिन्यात उभा राहून ऐकत होता. बोलला काहीच नाही. गाडी भंगारात काढावी असे त्याने वर्षभर आधी सुचवले होते हे मला नंतर कळले.

तेव्हापासून गाडी माझ्याकडे आणि कागद मामांकडे अशी व्यवस्था झाली. वास्तविक फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर मामांच्या सह्या घेतल्या असत्या तर काम पंधरा दिवसांत मिटले असते. पण जिवंत माणसाकडे अशी सही मागणे म्हणजे त्याच्या मरणाची तयारी करणे, असे काहीसे मनात येई. मी दर दिवाळीला जाई, आणि दर दिवाळीला विषय न काढता परत येई. हा संकोच सुसंस्कृत वाटतो. खरे तर तो आळसाचाच एक प्रकार होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. मामांचे घर गावभागात. माणसे वेळेवर बाहेर पडली. खालच्या खोलीतली लोखंडी ट्रंक राहिली. त्या ट्रंकेत मामांच्या सेवापुस्तकाच्या प्रती, माझ्या आईची पत्रे आणि गाडीचे आर.सी. बुक होते. पाणी ओसरल्यावर ट्रंकेतून जे निघाले त्याला कागद म्हणणे कठीण होते.

ते पुस्तक मी एकदाच नीट पाहिले होते. मळकट जाड पुठ्ठ्याचे, आत हाताने भरलेले रकाने. पहिले नाव डॉक्टरांचे, निळ्या शाईत; त्याखाली तिरपी रेघ, आणि मग काळ्या शाईत मामांचे. बाजूला कर भरल्याचे शिक्के, एकावर एक बसलेले. हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते: कोणी लिहिली, कोणासाठी, कोणत्या शकात. मागाहून कोणी तरी कोपऱ्यात आपली मालकी नोंदवून ठेवतो. पोथीचा पाठ सगळीकडे सारखा असू शकतो. ती पोथी कोणाच्या घरून कोणाच्या घरी गेली हे मात्र त्या चार ओळींतच सापडते. आर.सी. बुक हा त्याच जातीचा दस्तऐवज होता, आणि माझ्या हलगर्जीपणामुळे त्यातली एक ओळ लिहायची राहून गेली होती.

मामा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. तो एप्रिल कसा होता हे सांगायला नको. अंत्यविधीला मी पोहोचू शकले नाही.

पुढे काही महिन्यांनी कार्यालयात गेले. माझ्याजवळ होती ती फक्त आर.सी. बुकाची एक झेरॉक्स, डॅशबोर्डच्या कप्प्यात उन्हाने पिवळी पडलेली, चेसिस नंबरातला एक आकडा तीन की आठ ते न कळणारी. खिडकीपलीकडे एक वयस्क कारकून होते. त्यांनी सांगितले: पुस्तक हरवले म्हणून दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६, त्यासोबत पोलिसांकडचा हरवल्याचा दाखला, मालक मयत म्हणून वारसाने फॉर्म ३१, नोंदणीची मुदत संपली आहे म्हणून नूतनीकरणासाठी फॉर्म २५, आणि त्यासाठी गाडी प्रत्यक्ष दाखवायला आणावी लागेल. वर जुन्या गाड्यांचा पर्यावरण कर.

मी म्हणाले, गाडी दहा वर्षे माझ्याच ताब्यात आहे. कायदा मीही थोडा वाचून गेले होते. मालकाच्या मृत्यूनंतर वाहनाचा ताबा ज्याच्याकडे येतो त्याचा त्यात उल्लेख आहे. कारकुनांनी चष्मा काढला. "मॅडम, ताबा त्यांच्या मृत्यूमुळे तुमच्याकडे आला का?" "नाही, आधीपासूनच आहे." "मग तुम्ही वारस कशा?" वर्गात विद्यार्थ्याने अचूक प्रश्न विचारल्यावर जशी तारांबळ उडते तशी माझी उडाली.

मयत, वारस, ताबा, दाखला, नाहरकत. शिवकालात राजव्यवहारकोश रचून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, हे आपण दरवर्षी शिकवतो. पण मरण आणि मालकी यांचा व्यवहार आपण आजही त्याच जुन्या शब्दांत करतो. 'मृत्यूचा दाखला' या दोन शब्दांत संस्कृत आणि अरबी शेजारी शेजारी बसतात आणि भांडत नाहीत. शिवाय आपला अस्सल शब्दप्रयोग आहेच: नाव लावणे. नाव सातबाऱ्याला लागते, घराला लागते, लग्नानंतर बाईच्या नावापुढे नवऱ्याचे लागते. गाडीलाही लागते. आणि जिथे नाव लागले नाही तिथे माया कितीही असो, खिडकीपलीकडच्या माणसाला ती दिसत नाही. त्याने ती पाहावी अशी अपेक्षाही नाही.

बाहेर झाडाखाली एजंट बसतात. त्यांपैकी एकाने माझी हकीकत ऐकून घेतली आणि सहज सांगितले, "सोपं आहे. मामांच्या हयातीतली तारीख टाकून फॉर्म भरायचे. सही तुम्हाला ओळखीची असेलच."

ओळखीची होतीच. शाळेत असताना सुट्टीत सांगलीला राहिले की पाढ्यांच्या वहीवर मामांची सही घ्यावी लागे. त्या रात्री जेवणे झाल्यावर मी एका पाठकोऱ्या कागदावर ती करून पाहिली. पहिल्या दोन बिघडल्या. तिसरी इतकी साधली की मीच दचकले; शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून तिच्यावर ते टिंब देत, तेसुद्धा आपोआप आले. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत उचललेला परिच्छेद सापडला की मी त्यांना केबिनमध्ये बोलावून काय काय ऐकवते ते आठवले. पण कागद लगेच फाडला असे लिहिणे खोटे होईल. तो तीन दिवस शब्दकोशात होता.

चौथ्या दिवशी मामेभावाला फोन केला. दहा वर्षांत आम्ही लग्नकार्यांतच भेटलो होतो, आणि मामांच्या मृत्यूनंतर तर फक्त निरोपांनी. मी सगळे सांगितले. सहीचे मात्र सांगितले नाही. तो म्हणाला, "ताई, नानांनी गाडी तुला दिली याचं मला वाईट वाटलं नव्हतं. मला कोणी विचारलं नाही, याचं वाटलं." यावर काय बोलणार? मग त्यानेच विचारले, "काय काय कागद लागतात?"

दरम्यान माझ्या चालढकलीची किंमत वाढली होती: २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले. एका हौशी सहकाऱ्याने सुचवले, पन्नास वर्षे झाली आहेत तर व्हिंटेज म्हणून नोंदवा; २०२१ साली तसे नियमच झाले आहेत. वाचून पाहिले. व्हिंटेज गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. रोजच्या कामासाठी रस्त्यावर काढता येत नाही. मामा या गाडीतून गव्हाची पोती आणीत. तो विचार मी सोडला.

चेसिस नंबरचा ठसा घ्यायला मिस्त्री घरी आला. रॉकेलच्या फडक्याने बॉनेटखालची काजळी पुसत पुसत त्याने अंक मोकळे केले, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासू लागला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आम्ही असेच करीत असू. करड्या पार्श्वभूमीवर अंक एकेक करून वर आले. झेरॉक्सवरचा तो आकडा आठ होता. चोपन्न वर्षे पत्र्यावर तो स्पष्ट लिहिलेला होता. शंका फक्त कागदावर होती.

तपासणीच्या दिवशी मामेभाऊ पुण्याहून आला, मामींचे नाहरकत प्रतिज्ञापत्र घेऊन. कायद्याने त्या दिवशी अर्जदार तो होता, म्हणून मी किल्ली त्याच्याकडे दिली. वास्तविक असा काही नियम नाही. तो बसला, क्लच दाबला, आणि डाव्या हाताने दांडा अचूक पहिल्या गिअरमध्ये घातला. "नानांनी मला दहावीच्या सुट्टीत शिकवली होती," तो म्हणाला. "हरिपूरच्या रस्त्यावर." ही गोष्ट मला माहीत नव्हती. मला वाटत असे की त्या गाडीच्या सगळ्या गोष्टी माझ्याजवळ आहेत.

महिन्याभराने नवे प्रमाणपत्र आले, त्याच्या नावाचे. काही आठवडे गाडी त्याची होती. नंतर पुण्याला जाऊन मी हस्तांतराचे फॉर्म त्याच्यापुढे ठेवले. त्याने फॉर्म २९ वाचला, पुन्हा वाचला. त्या मजकुरात गाडीसाठी क्रियापद विकल्याचे आहे; भेट दिल्याचे नाही. "ताई, विकली म्हणतात हे. पैसे दे मग." मी पर्स उघडली. सुट्टे अकरा रुपये निघाले. त्याने ते मोजून घेतले, खिशात टाकले आणि सही केली. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून त्याने तिच्यावर टिंब दिले.