ही कुणाची हम्द?

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. मी ओसरीवर बसून एका अनुवादाचा खर्डा मोठ्यानं वाचत होतो. कानाला बरं वाटतंय का हे मोठ्यानं वाचल्याशिवाय मला कळत नाही. अम्मी आत तांदूळ निवडत होती. चार-पाच ओळी तिच्या कानावर पडल्या असतील. आतूनच तिनं विचारलं, ‘‘ये किसकी हम्द लिखरा रे तू?’’

हम्द म्हणजे अल्लाहची स्तुती. मी वाचत होतो ते मात्र प्राचीन ग्रीकांच्या एका देवीचं स्तोत्र होतं. मी सांगितलं, ‘‘अम्मी, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लोकांच्या देवांची गाणी आहेत. त्यांची देवळंही आता पडली.’’ ती म्हणाली, ‘‘मग तू कशाला उभी करतोस?’’

मला पटकन उत्तर सुचलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

ही गाणी ‘होमरची स्तोत्रं’ म्हणून ओळखली जातात. ती होमरनं रचलेली नाहीत, असं आज अभ्यासक मानतात. ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ज्या षट्पदी छंदात आहेत त्याच छंदात ती आहेत, म्हणून होमरचं नाव चिकटलं. एकूण ३३ स्तोत्रं. काही अवघ्या तीन-चार ओळींची, तर हर्मीस देवाचं ५८० ओळींचं. मोठी स्तोत्रं साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या सातव्या-सहाव्या शतकातली मानतात. गायक मोठं आख्यान सुरू करण्याआधी देवाला वंदन म्हणून असं काही गात असे. आपल्याकडे शाहीर आधी गण गातो, कव्वाल आधी हम्द आणि नात म्हणतात, तसंच काहीसं.

माझं ग्रीक कच्चं आहे. डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी असलेलं पुस्तक, एक व्याकरण आणि एक कोश एवढ्या भांडवलावर मी बसलो. वाटलं होतं की अडचण व्याकरणाची येईल. ती आलीच. पण खरा खडा लागला तो अगदी पहिल्या घासाला. ‘थिऑस’ या शब्दाला मराठीत काय म्हणायचं?

‘देव’ म्हणावं तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर देवघर उभं राहतं. ‘ईश्वर’ म्हटलं की एकच कुणीतरी सर्वव्यापी. ‘खुदा’ तर माझ्या जिभेवर येईनाच. आणि हे ग्रीक देव जन्माला येतात. अपोलोच्या वेळी त्याची आई लेटो नऊ दिवस नऊ रात्री प्रसववेदना सोसते. हर्मीस सकाळी जन्मतो, दुपारी कासवाच्या पाठीची वीणा करून वाजवतो आणि संध्याकाळी भावाच्या पन्नास गाई चोरतो. ते रुसतात, भांडतात, आपसांत सौदे करतात. फक्त मरत नाहीत. सूरह इख्लास पाठ असलेल्या माणसाला हे वाचताना लगेच जाणवतं की तिथे जे-जे नाकारलं आहे, ते बहुतेक सगळं इथे आहे.

ही अडचण माझ्या आधी फार मोठ्या लोकांना आली होती. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये ग्रीक ग्रंथ धडाक्यानं अरबीत येत होते. त्यातला सर्वांत नावाजलेला अनुवादक हुनैन इब्न इसहाक. तो स्वतः ख्रिस्ती होता, आणि त्याचे बरेच आश्रयदाते मुसलमान. गॅलनच्या वैद्यकाचे ग्रंथ त्यानं अरबीत आणले. आर्टेमिडोरसचा स्वप्नांच्या अर्थाचा ग्रंथही त्याच्याच नावावर आहे. त्या ग्रंथात ग्रीक देव पदोपदी भेटतात. अरबीत त्यांचे पुष्कळ ठिकाणी फरिश्ते झाले आहेत. वैद्यांची ती प्रसिद्ध हिप्पोक्रॅटिसची शपथ पाहा. मुळात ती अपोलोची, त्याचा मुलगा अस्क्लेपिअसची आणि सगळ्या देव-देवींची आहे. अरबी शपथेत आधी अल्लाह येतो. अस्क्लेपिअसचं नाव राहतं. आणि ‘सगळे देव आणि देवी’ यांच्या जागी येतात अल्लाहचे औलिया, पुरुष आणि स्त्रिया.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग त्या माणसांची माया वाटली. त्यांना औषध हवं होतं. बाटलीवरची चिठ्ठी बदलून त्यांनी औषध घरात आणलं, आणि त्यानं किती जीव वाचले. पण माझ्या हातात बाटली नव्हती. माझ्या हातात चिठ्ठीच होती. स्तोत्रातून देव काढला तर उरतं काय?

दुसरी ओढ घरच्याच अंगणातून होती. एका मित्रानं हर्मीसच्या चोरीचा भाग वाचला आणि म्हणाला, ‘‘अरे, हा तर बाळकृष्ण! तसंच लिही की, लोकांना पटकन कळेल.’’ डिमिटर ही धान्याची देवी, तिला ‘अन्नपूर्णा’ म्हण, असंही सुचवलं. मी करून पाहिलं. शब्द सुरेख बसले, पण आशय वाकला. अन्नपूर्णा देते. डिमिटर रागानं धान्य जमिनीतच अडवून ठेवते, आणि माणसं उपाशी मरायची वेळ येते. कृष्णाच्या खोड्यांना भक्तांच्या शतकानुशतकांच्या प्रेमाची साय आहे. हर्मीस चोरी करतो ती ऑलिंपसवर आपला हिस्सा मिळावा म्हणून. शिवाय ज्यांचे हे देव आहेत, त्या माझ्या शेजाऱ्यांची नावं मी उसनी घेऊन भलत्याला का लावावीत?

तिसरा मोह सर्वांत गोड होता. होमरच्या स्तोत्रांबरोबर मला क्लिअँथीस या तत्त्वज्ञाचं झ्यूसचं स्तोत्रही करायचं होतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा माणूस. अथेन्समध्ये दिवसा गुरूपाशी शिकायचा आणि पोटासाठी रात्री बागांना पाणी ओढायचा, असं सांगतात. त्याचं स्तोत्र ३९ ओळींचं आहे. त्यात झ्यूस अनेक नावांचा आहे, सगळ्या सृष्टीचा चालक आहे, त्याच्या नियमाबाहेर पान हलत नाही. वाचताना मला अल्लाहची नव्याण्णव नावं आठवली. माझा पहिला खर्डा आज काढून पाहिला तर कुणीही म्हणेल की ही एखाद्या भाविक मुसलमानानं लिहिलेली मुनाजात आहे. ‘झ्यूस’ तिथे नावापुरता उरला होता.

तो खर्डा मी दोन-चार लोकांना पाठवला, आणि दोन बाजूंनी दोन निरोप आले. ओळखीच्या एका तरुणानं लिहिलं, ‘‘भाईजान, बुतांची स्तुती लिहिणं शिर्क नाही का? तोबा करा.’’ दुसरे एक गृहस्थ, मराठीचे चांगले वाचक, म्हणाले, ‘‘ग्रीकांपर्यंत जाता, मग इथल्या देवांचं वावडं का?’’ मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला या दोन्ही प्रश्नांची सवय असते. तरी त्या रात्री झोप लागली नाही. पहिला प्रश्न मला खरंच टोचत होता. ‘मी तुझं गाणं गातो’ असं प्रथमपुरुषी वाक्य मी माझ्या हातानं कागदावर उतरवत होतो. त्यातला ‘मी’ कोण?

आमच्या मोहल्ल्यात एक वयस्क हाफिजसाहेब आहेत. त्यांच्यापुढे मी सगळं मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मदरशात मुलांना सांगतात ते जुनं फारसी वचन सांगितलं : नक्ले कुफ्र कुफ्र न बाशद. दुसऱ्याचं कुफ्राचं बोलणं जसंच्या तसं सांगणं हे कुफ्र नव्हे. मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘पण नक्ल असली पाहिजे. आपल्या पदरचं घातलंस, तर ते तुझं बोलणं झालं.’’

घरी येऊन मी क्लिअँथीसचा खर्डा पुन्हा काढला, तेव्हा ते वाक्य नीट कळलं. झ्यूसला अल्लाहसारखा करून मी स्वतःला सुरक्षित समजत होतो. प्रत्यक्षात तिथेच माझा पाय घसरला होता. क्लिअँथीसचा झ्यूस सृष्टीच्या आत, तिच्या कणाकणांत वाहणारी बुद्धी आहे, आणि त्याच्या हातात वीज आहे. माझा निर्माता सृष्टीहून वेगळा आहे. दोघांना एक करून मी क्लिअँथीसच्या तोंडी खोटं घातलं होतं आणि माझ्या ईमानातही भेसळ केली होती. अनुवाद ही अमानत आहे. ज्याची वस्तू त्याच्या नावानं, त्याच्या वजनानं परत करायची. मी तो खर्डा फाडला. झ्यूसला झ्यूस राहू दिलं, विजेसकट. ‘थिऑस’ला ‘देव’ म्हटलं आणि प्रस्तावनेत एक परिच्छेद लिहिला, की हे देव जन्मतात, भांडतात, फक्त मरत नाहीत. वाचकानं आपल्या घरातला अर्थ थोडा बाजूला ठेवावा.

या स्तोत्रांच्या शेवटी बहुतेक वेळा एक शब्द येतो, ‘खाइरे’. ग्रीक माणूस भेटल्यावर हेच म्हणायचा आणि निघतानाही हेच. मूळ अर्थ ‘आनंदी हो’. मला आधी ‘सलाम’ सुचलं, कारण तोही येता-जाता दोन्ही वेळा चालतो. मग बुखारीतली एक हदीस आठवली. हजरत इब्न मसऊद सांगतात की सुरुवातीला सहाबा नमाजमध्ये ‘अल्लाहवर सलाम’ असं म्हणत. रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना थांबवलं. अल्लाह स्वतःच सलाम आहे, म्हणाले, आणि त्या जागी अत्तहियात शिकवली. केवढा फरक! ज्याला कशाचीच गरज नाही, त्याला ‘सुखी राहा’ कोण म्हणणार? ग्रीक गायक मात्र आपल्या देवाला अगदी हेच म्हणतो : माझ्या गाण्यानं खूश हो, आणि माझ्याकडे लक्ष असू दे. शेवटी मी ‘खुशाल असा’ असं लिहिलं. पत्रातली आपली जुनी ‘खुशाली’. फारसीतून आली आणि मराठीच्या घरात रुळली. तिच्यात ‘खूश’ही आहे आणि निरोपही.

आता त्या देवीच्या स्तोत्राविषयी, जे अम्मीनं ऐकलं होतं. डिमिटरचं हे स्तोत्र मधली अनेक शतकं कुणाला ठाऊकच नव्हतं. १७७७ मध्ये मॉस्कोत एक हस्तलिखित सापडलं. गोठ्यात, कोंबड्या-डुकरांच्या संगतीत पडलं होतं, असं सांगतात. आज ते हॉलंडमध्ये लायडनला आहे. स्तोत्राचं एक पान फाटलेलं आहे, त्यामुळे काही ओळी अर्ध्याच वाचता येतात.

कथा अशी. डिमिटरची मुलगी पर्सेफनी कुरणात फुलं वेचत असते. पाताळाचा राजा हेडीस जमिनीतून रथ घेऊन येतो आणि तिला उचलून नेतो. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस हिंडते, खात नाही, अंघोळ करत नाही. मग तिला कळतं की मुलीच्या बापानं, झ्यूसनं, हे आधीच ठरवलं होतं. स्तोत्राच्या तिसऱ्याच ओळीत दोन क्रियापदं शेजारी-शेजारी येतात. एक ‘हिसकावणे’ आणि दुसरं ‘देणे’. हेडीसनं हिसकावली, झ्यूसनं दिली. इंग्रजीत त्या ‘देणे’पाशी थोडं समजावून सांगावं लागतं. मराठीत काहीच करावं लागलं नाही. आपण आजही म्हणतोच, मुलगी कुठे दिली?

अम्मीच्या प्रश्नानंतर काही दिवसांनी मी तिला ही सगळी कथा सांगितली. देवीचं वगैरे काही न लपवता. आई म्हातारीचं रूप घेऊन विहिरीपाशी बसते ते सांगितलं, धान्य उगवायचं थांबतं ते सांगितलं. शेवटी झ्यूस नमतो, पण मुलीनं डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली राहावं लागतं, तेही सांगितलं. अम्मी गप्प ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘आईला कुणी विचारलंच नाही?’’

मी म्हटलं, नाही.

ती थोडा वेळ सूप हलवत राहिली. मग आपाच्या लग्नाची गोष्ट सांगू लागली. अब्बा आणि चाचांनी बैठकीत शब्द दिला होता. अम्मीला कळलं ते मिठाईचा पुडा घरात आला तेव्हा. नंतर आपाची रजामंदी रीतसर घेतली गेली. आपा सुखात आहे, जावई चांगला आहे, तिची कशाबद्दल तक्रार नाही. ‘‘पण त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं,’’ ती म्हणाली. हे तिनं मला तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

मी तिथेच डिमिटरला ‘अन्नपूर्णा’ केलं असतं, किंवा एखाद्या बुजुर्ग बीबीची हिकायत करून सांगितलं असतं, तर अम्मीनं माथ्यावर पदर घेऊन आदरानं ऐकलं असतं आणि विषय संपला असता. परकी होती, म्हणून तिला ती बाई म्हणून दिसली.

‘मग तू कशाला उभी करतोस?’ या प्रश्नाचं उत्तर मला अजून एका वाक्यात देता येत नाही. ते देऊळ मी उभं करत नाही, एवढं नक्की. कुणीतरी कधीतरी कुणापुढे हात पसरले होते, ते शब्द मी जपून इकडे आणतो आहे. माझे हात कुणापुढे पसरायचे, हे मला माहीत आहे.

मगरिबची अजान झाली तशी अम्मी उठली. जाता जाता म्हणाली, ‘‘ती विहिरीपाशी बसते ना, तेवढं पुन्हा एकदा वाचून दाखव नमाजनंतर.’’