कयाक, कृत्रिम आमिष आणि खाडीचे पाणी

कयाकवरून कृत्रिम आमिषाने मासे धरण्याची पद्धत कोकणातल्या खाड्यांना चांगली मानवते. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल या खाड्यांच्या काठाला तिवरांची दाटी असते, मध्ये उथळ पाणी, कालवांनी मढलेले खडक आणि जुन्या जेट्ट्यांचे खांब असतात. इंजिनाची होडी अशा जागी एक तर रुतते, नाही तर तिच्या आवाजाने मासा हलतो. कयाक वीतभर पाण्यातही चालते आणि वल्हे सांभाळून मारले तर आवाज जवळजवळ होत नाही. मात्र ती लहान आणि हलकी असल्यामुळे पाण्याच्या ओढीपुढे आणि वाऱ्यापुढे तिचे फारसे चालत नाही. म्हणून या मासेमारीत आधी पाणी, मग वारा, मग माशाची जागा आणि सगळ्यात शेवटी आमिष असा विचाराचा क्रम लागतो.

या कामासाठी वर बसायची कयाक सोयीची असते. ती पॉलिथिलीनची, आतून पोकळ आणि बंदिस्त असते. बैठकीत आलेले पाणी तळाच्या आरपार भोकांतून आपोआप निघून जाते आणि उलटली तरी ती बुडत नाही. साधारण दहा ते तेरा फूट लांबीची कयाक खाडीत पुरते. लांब कयाक सरळ आणि वेगाने जाते, तर आखूड कयाक तिवरांच्या अरुंद फाट्यांत पटकन वळते. रुंदी वाढली की स्थैर्य वाढते, पण वेग कमी होतो.

सकाळ ठरते ती पंचांगावरून. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. त्यामुळे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. हा जुना हिशेब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला बराचसा लागू पडतो. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी येते आणि खाडीत जितके आत जावे तितकी ती उशिरा पोचते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सव्वानऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. उजाडल्यापासून नऊपर्यंत पाणी उतरत असते, आणि खाडीतल्या शिकारी माशांसाठी हीच वेळ चांगली. अष्टमीला भांगाचे पाणी असते, त्याचा चढउतार कमी आणि ओढही मंद. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी वाढते की कयाक एका जागी धरणे कठीण होते आणि पाणी गढूळते. उधाण ओसरू लागल्यावरचे दोन-तीन दिवस त्यामुळे अधिक उपयोगाचे ठरतात. नेमक्या वेळांसाठी अर्थातच छापील भरती-ओहोटीचे तक्ते पाहावे लागतात.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ऊन चढले की जमीन तापते आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. ओहोटीच्या पहाटे मतलई आणि पाणी दोन्ही कयाकीला समुद्राकडेच नेतात. जाताना श्रम पडत नाहीत, परतताना दोन्हींशी झुंजावे लागते. यावर उपाय साधा आहे. आधी ताज्या दमाने प्रवाहाविरुद्ध वर जावे, मग काठाकाठाने मासेमारी करत पाण्याबरोबर खाली यावे आणि कोणत्याही परिस्थितीत खाडीच्या मुखाच्या आतच थांबावे. पाणी वळल्यावर भरती कयाकीला आपसूक आत आणते. खारा वारा जोरावर असताना उतरत्या पाण्यात राहू नये, कारण वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि लहान होडीला त्या जड जातात.

या पद्धतीचा मुख्य मासा जिताडा. सिंधुदुर्ग-गोव्यात त्याला चोणक म्हणतात. जिताडा पाठलाग करण्यापेक्षा दबा धरणे पसंत करतो. खांब, खडक किंवा पडलेल्या झाडाच्या आडोशाला, जिथे प्रवाह मंदावतो तिथे, तो येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारे भक्ष्य टिपतो. भरतीला बोय आणि कोळंबी तिवरांच्या मुळांत शिरतात. ओहोटी लागली की पाण्याबरोबर त्यांनाही बाहेर यावे लागते. म्हणून खाजणातून खाडीत उतरणारे लहान ओहोळ आणि रायगडच्या खारबंदिस्तीवरच्या उघाड्या, म्हणजे बांधातली पाणी सोडायची दारे, या पहिल्या पाहायच्या जागा. गढूळ आणि स्वच्छ पाणी जिथे रेघ मारल्यासारखे वेगळे दिसते, तिथेही मासा असतो. तांबोशी मुळांच्या आणि खडकांच्या अगदी आत राहते. रावस मुखाजवळच्या वाळूवर, उघड्या पाण्यात फिरतो.

कृत्रिम आमिष पोटात जाण्यासाठी नसते. जखमी किंवा घाबरलेल्या लहान माशाची चाल दाखवून हल्ला घडवणे हे त्याचे काम. फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने थव्यातला डळमळत पोहणारा मासा मोठ्या माशाच्या तोंडी आधी पडतो हे हेरले आणि १९३६ साली बुचाच्या लाकडापासून तशी चाल असलेले आमिष कोरले. आजची मिनो ही आमिषाची जात याच तत्त्वावर बनते. तिच्या तोंडाशी असलेली पट्टी जितकी लांब, तितकी ती खोल जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर फटफट आवाज करणारा पॉपर पहाटेच्या शांत पाण्यात चालतो. खाडीतले सर्वांत बहुगुणी आमिष म्हणजे शिशाच्या डोक्याच्या गळावर ओवलेला मऊ प्लॅस्टिकचा मासा. गळाचे वजन तळापर्यंत पोचेल इतकेच ठेवावे, कारण ते जास्त झाले की आमिष दगडासारखे पडते आणि खडकात अडकते. गढूळ पाण्यात माशाला डोळ्यांचा उपयोग कमी होतो. अंगावरच्या पार्श्वरेषेने तो पाण्यातली थरथर ओळखतो, म्हणून अशा वेळी रंगापेक्षा शेपटीची जोरदार हालचाल महत्त्वाची ठरते.

सहा ते सात फुटी रॉड बसून वापरायला सोपा जातो. रीलवर विणलेली बारीक दोरी आणि तिच्या टोकाला दीड-दोन हात लांबीचा जाड, घासाला टिकणारा दोरीचा तुकडा म्हणजे लीडर असतो. जिताड्याच्या कल्ल्यांवरचे झाकण धारदार असते आणि कालवांची कड त्याहून धारदार, त्यामुळे लीडर टाळून चालत नाही. आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाला, आडोशाच्या थोडे पुढे टाकतात आणि पाण्याबरोबर येऊ देतात, कारण खरे भक्ष्यही त्याच दिशेने येते. आमिष तळाला टेकले की ताणलेली दोरी ढिली पडते. मग रॉडच्या टोकाने दोन हलके झटके, रीलचे एक-दोन फेरे आणि पुन्हा विसावा. बहुतेक हल्ले या विसाव्यात, आमिष खाली उतरत असताना होतात. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो. हाताला लागतो तो एक ठोसर धक्का, कधी नुसती दोरी बाजूला सरकताना दिसते. पृष्ठभागावर तो मोठा धप्प आवाज करतो.

त्यापुढचे दोन-तीन सेकंद निर्णायक असतात. तांबोशी सरळ मुळांकडे वळते, म्हणून तिला सैल दोरी देता येत नाही. जिताडा पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो. त्या क्षणी रॉड खाली झुकवून दोरी ताणलेली ठेवली तर गळ टिकतो. मोठा मासा कयाकच ओढत नेतो. उघड्या पाण्यात त्यामुळे तो लवकर दमतो, तिवरांजवळ मात्र कयाक आधी मागे घ्यावी लागते. शिंगाळा लागला तर त्याला उघड्या हाताने धरू नये. त्याच्या कंगोरेदार काट्यांची जखम फार ठणकते.

लाइफ जॅकेट अंगात घालूनच पाण्यात उतरायचे असते, बैठकीमागे बांधून नव्हे. शिट्टी, जलरोधक पिशवीत फोन, कयाकीला दोरीने बांधलेले वल्हे आणि उजाडण्यापूर्वी निघाल्यास पांढरा दिवा सोबत हवा. उलटलेली कयाक सरळ करून पुन्हा वर चढण्याचा सराव शांत पाण्यात आधी करावा. नांगर पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधतात, कधीच बगलेला नाही, नाही तर प्रवाहात कयाक आडवी होऊन उलटते. डोल जाळ्यांच्या खुंटांपासून नेहमी दूर राहावे. ओहोटीची ओढ होडीला जाळ्यावर दाबून धरते, आणि जाळे ही कोळ्याची पोटापाण्याची वस्तू असते. वाशिष्ठीच्या वरच्या अंगाला मगरी आहेत, तिथे पाण्यात पाय सोडून बसू नये.

मासा धरण्याइतकाच महत्त्वाचा भाग तो सोडण्याचा. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि पुढे काही वर्षांनी मादी होतो. याचा अर्थ खाडीतले सर्वांत मोठे जिताडे बहुधा अंड्यांच्या माद्या असतात. लहान मासा मारला तर मादी होण्याआधीच तो जातो आणि मोठा मारला तर पुढची पिढी जाते. मधल्या आकाराचा एखादा घरी न्यावा, बाकीचे सोडावेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. हाच अनेक माशांच्या विणीचा काळ. वल्ह्याच्या होडीला बंदी लागू नसली तरी पावसाळी खाडीत उतरणे जिवावरचे असते आणि माशासाठीही ते योग्य नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला आहे, तो छंदी मच्छीमारानेही पाळावा. १९८७ साली घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या क्षेत्रात जाण्यापूर्वी तिथले नियम विचारून घ्यावेत.

सोडायच्या माशासाठी गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करतात, म्हणजे गळ पटकन निघतो. माशाला ओल्या हाताने, पोटाखाली आधार देऊन आडवे धरावे. जबड्याला धरून लटकवले तर जड माशाच्या मणक्याला इजा होते. त्याचे तोंड प्रवाहाकडे करून कल्ल्यांतून पाणी जाऊ द्यावे आणि शेपटीत जोर आला की हात काढून घ्यावा.