साईडपट्टी

गेल्या महिन्यात गावाकडं गेलो. फाट्यावर एसटीतून उतरतानाच डांबराचा वास नाकात भरला. रस्त्यावर नवा थर पडला होता. पायरीवरून खाली पाहिलं आणि पोटात गोळा आला. डांबराची कड बाजूच्या जमिनीपासून वीतभर वर, आणि कडेला साईडपट्टीचा मुरूम टाकलेलाच नाही. गणवेशातली एक मुलगी सायकलवर येत होती. मागून टिप्परनं हॉर्न दिला. ती उतरणार कुठं? हँडल घट्ट धरून ती कडेवरच राहिली. टिप्पर तिच्या कोपराजवळून गेला, ओढणीचं टोक उडालं. ती पुढं निघून गेली, माझे पाय मात्र हलेनात.

आमचं सगळं घर साईडपट्टीवरून चाललं. निंदायला निघालेल्या बायांची रांग, त्यात माय, तिच्या मागं मी. "डांबर मोटारीचं बापा, आपली साईडपट्टी," असं म्हणत ती मला दंडाला धरून आत ओढायची. मृगाचा पाऊस पडून गेला की त्याच मुरुमाच्या कडेला तरोटा उगवायचा. माय चालता चालता कोवळा पाला खुडून ओच्यात टाकायची. रात्री लसणाची फोडणी आणि तुरीची डाळ घालून त्याची भाजी व्हायची.

पण साईडपट्टी म्हटलं की मला आधी दिसते ती ताई. हायस्कूल दुसऱ्या गावी. सायकल बाबांची, दांड्याची. कॅरिअरवर तिची मैत्रीण. मागून ट्रकचा आवाज आला की मैत्रीण टुणकन उतरायची, ताई सायकल मुरुमावर घ्यायची, एक पाय टेकवायची आणि दोघी धुळीपासून डोळे झाकून उभ्या राहायच्या. ट्रक गेला की ताई ओढणीनं सीट पुसायची आणि पुन्हा पायडल. बस, एवढंच. काही घडलं नाही. रोज ट्रक गेले आणि रोज काही घडलं नाही, कारण उतरायला जागा होती.

आता मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. शाळा पाच किलोमीटरच्या आत असली तर सायकल, लांब असली तर त्यांच्यासाठी एसटीची बस. या योजनेनं कितीतरी पोरींची शाळा टिकली. पण सायकल दिली आणि ती चालवायची जागा काढून घेतली, तर पोरीनं जायचं कसं?

इथं मला हॉलंड आठवतं, जिथं मी कधी गेलो नाही. तिथं पहिल्यापासून सगळे सुखानं सायकल चालवतात, असं आपण समजतो. पण १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर चारशेहून अधिक मुलं मेली. त्यात व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी होती. १९७२ मध्ये त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि 'मुलांची हत्या थांबवा' या नावानं आई-बाप रस्त्यावर उतरले. आजच्या तिथल्या सायकलवाटांमागं त्यांचं दुःख आणि त्यांचा हट्ट आहे.

आमच्या वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून. वेग ताशी १२० किलोमीटर, पायी आणि सायकलला बंदी. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. तो रस्ता पायी चालणाऱ्याचा नाही, हे तिथं स्पष्ट आहे. तक्रार आहे ती गाव ते शाळा, गाव ते शेत या रस्त्यांची. राग आहे तो "थर आधी टाकू, साईडपट्टी नंतर भरू" या उत्तरावर. मग पावसाळा लागतो, निधी संपतो, कडा तुटतात आणि पुढच्या थरानं कड आणखी उंच होते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पदपथावरचा पादचाऱ्यांचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात धरला. खेड्यात कुठला आलाय पदपथ? आमचा पदपथ म्हणजे साईडपट्टीच.

फाट्यावरच्या त्या सायकलवाल्या मुलीला पाहिल्यावर गप्प बसवेना. गुरुजी, काही पालक आणि मी बसलो. मागण्या ठरल्या: फाट्यापासून शाळेपर्यंत डांबराच्या बरोबरीनं दाबलेला मुरूम, कडेची पांढरी रेघ, शाळेसमोर गतिरोधक आणि झेब्रा पट्टे. ग्रामसभेत ठराव झाला, निवेदन दिलं, पोच घेतली. सह्या करताना बाया म्हणाल्या, "आमी बी त्याच रस्त्यानं वावरात जातो, आमचं बी लिहा." लिहिलं.

पायी चालणाऱ्यासाठी गाड्या थांबतच नाहीत, हे मला कुणी सांगू नये. शेगावची पालखी दरवर्षी मेडशी, शिरपूर जैन, रिसोड या मार्गानं पंढरपूरला पायी जाते. त्या दिवशी अख्खं डांबर पायांचं असतं. ट्रकवाले इंजिन बंद करून खाली उतरतात, चपला काढून हात जोडतात. वारकऱ्याला मिळतो तो मान दप्तरवालीला आणि विळेवालीला रोज मिळायला हवा.

निवेदनावर बोलता बोलता एका पालकानं सोयाबीनचा विषय काढला. दसऱ्याच्या आसपास अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत असतं, कडेनं दगड मांडलेले. सायकलला तिथंही जागा नसते. सगळे गप्प झाले, कारण वाळत घालणारे आम्हीच. शेतकऱ्याला तरी दोष कसा देणार? जुनी खळी गेली, घरापुढची अंगणं आखडली, आणि ओला माल व्यापारी पाडून मागतो. पण पोरीचा रस्ता आम्हीच अडवायचा आणि साईडपट्टी सरकारकडं मागायची, हे बरोबर नाही. गावाला वाळवणासाठी सिमेंटचा मोठा ओटा हवा, गावठाणाला लागून, सगळ्यांना वापरता येईल असा. पुढच्या ग्रामसभेत साईडपट्टीच्या पाठपुराव्याबरोबर ओट्याचाही ठराव मी मांडणार आहे.