मीजियायाची भांडी आणि छिंगदाओचा कारखाना

१/ चीन आज जगात सर्वाधिक बीअर तयार करतो. या बीअरचा आरंभ कोठे झाला, असे विचारले तर दोन उत्तरे मिळतात. एक सुमारे ५००० वर्षे मागे नेते, दुसरे १९०३ मध्ये थांबते. दोन्ही खरी आहेत. परंतु त्यांना जोडणारा दुवा मधेच तुटलेला आहे.

२/ शीआन शहराजवळच्या मीजियाया येथील उत्खननात रुंद तोंडाची भांडी, नरसाळी आणि निमुळत्या बुडाचे रांजण सापडले. त्यांच्या आतील थराचे विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वरीच्या जातीचे भरडधान्य, जव आणि कंदमुळे यांपासून तेथे इ.स.पू. ३४०० ते २९०० या काळात बीअर गाळली जात होती.

३/ जव हे मुळात पश्चिम आशियातील पीक. चीनच्या या भागात ते आधी मद्यासाठी आले आणि अन्न म्हणून पुढे रुळले, अशी शक्यता संशोधकांनी मांडली आहे.

४/ धान्याला मोड आणून केलेल्या सौम्य, गोडसर मद्याला प्राचीन चीनमध्ये ‘ली’ म्हणत. त्याच्या शेजारी दुसरी पद्धत वाढत होती. ‘छू’ म्हणजे बुरशी आणि यीस्ट वाढवलेली धान्याची वडी. ती पिष्टाची साखर आणि साखरेचे मद्य एकाच भांड्यात करी, आणि पेयही कडक होई.

५/ छूने लीला मागे सारले. सोंग यिंगशिंग याने १६३७ च्या ‘तिआनगोंग काइवू’ या ग्रंथात याची नोंद केली आहे: लीची चव लोकांना फिकी वाटू लागली आणि ती करण्याची विद्याच लोप पावली.

६/ बीअर परतली ती परक्यांच्या सत्तेबरोबर. १८९७ मध्ये शांदोंग प्रांतात दोन जर्मन धर्मप्रसारकांची हत्या झाली. ते निमित्त साधून जर्मनीने जियाओझोऊचे आखात बळकावले आणि १८९८ मध्ये ९९ वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतला. उत्तरेकडे रशियन रेल्वेमागोमाग हार्बिनमध्ये १९०० साली बीअरचा कारखाना उभा राहिला.

७/ याच आखातावरील छिंगदाओ शहरात १९०३ मध्ये जर्मन आणि ब्रिटिश भांडवलातून कारखाना निघाला. ‘त्सिंगताओ’ ही आजची प्रसिद्ध बीअर त्याचीच. तिचे नाव म्हणजे या शहराच्या नावाचे जुने रूप. जव, हॉप्स आणि थंडाव्यात मंदपणे आंबवण्याची रीत, सारे जर्मन वळणाचे होते.

८/ १९१४ मध्ये जपानने शहर जिंकले. १९१६ मध्ये कारखाना ‘दाई-निप्पॉन’ या जपानी कंपनीकडे गेला. महायुद्धानंतर पॅरिसच्या तहपरिषदेने शांदोंगमधील जर्मन हक्क चीनला परत न करता जपानला दिले. त्या संतापातून ४ मे १९१९ रोजी बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आधुनिक चिनी राष्ट्रवादाची ही मोठी ठिणगी ज्या शहरासाठी पडली, त्याच शहरात ही बीअर बनत होती.

९/ १९२२ मध्ये छिंगदाओ चीनला परत मिळाले. कारखाना मात्र १९४५ पर्यंत जपानी मालकांकडेच राहिला. भूमी परत मिळाली तरी तिच्यावरील उद्योग आपोआप परत मिळत नाही, हा धडा त्या पिढीने प्रत्यक्ष अनुभवला.

१०/ १९४९ नंतर कारखाना सरकारी झाला. १९७२ पासून त्याची बीअर अमेरिकेत जाऊ लागली आणि १९९३ मध्ये कंपनीचे समभाग हाँगकाँगच्या बाजारात आले. आर्थिक सुधारणांच्या काळात गावोगावी कारखाने निघाले. पुढे मोठ्या कंपन्यांनी त्यांतील अनेक गिळले. छिंगदाओत आजही लोक ताजी बीअर प्लास्टिकच्या पिशवीतून घरी नेतात.

११/ चिनी भाषेत बीअरला ‘पीजिऊ’ म्हणतात. ‘पी’ हा परक्या शब्दाच्या उच्चाराचा अंश, तर ‘जिऊ’ हा मद्यासाठीचा प्राचीन चिनी शब्द. मीजियायाच्या रांजणापासून आजच्या बाटलीपर्यंत अखंड परंपरा सांगितली, तर लीचे लोपणे आणि छिंगदाओचे हिरावले जाणे, दोन्ही झाकले जातात. पीजिऊ या एका शब्दाने परकेपणही जपले आहे आणि आपलेपणही.