आईकडची साक्ष

औषधाला अश्वगंधेचं मूळ लागतं, मला कोवळं पान. चिंताकी गावाच्या बाजूला पडक्या भिंतींच्या कडेनं हे झुडूप आपसूक उगवतं. कुणी आस्कंद म्हणतं, कन्नडवाले हिरेमद्दिन गिड. पान सिलिका जेलच्या पुडीत झटपट वाळवायचं आणि त्याच झुडपाची फुलाफळांची फांदी वर्तमानपत्रात दाबायची. रानातलं काम एवढंच.

मला पान लागतं ते हरितलवकासाठी. त्याला स्वतःचा डीएनए असतो, कारण फार जुन्या काळी ते स्वतंत्र जिवाणू होतं. सपुष्प वनस्पतींत तो साधारण दीड लाख अक्षरांचा असतो. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात आणि तो सावकाश बदलतो, म्हणून वंशावळ लावायला सोयीचा. संपूर्ण हरितलवक पहिल्यांदा वाचलं गेलं १९८६ मध्ये, जपानात : एक तंबाखूचं, एक लिव्हरवर्ट या शेवाळवर्गीय वनस्पतीचं. तंबाखू अश्वगंधेच्याच कुळातली; वांगं, मिरची, धोतरा, भुईरिंगणीही त्यातलीच. रिचर्ड ओल्मस्टेड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कुळाची वंशावळ मांडली ती हरितलवकाच्या अवघ्या दोन भागांवरून. अश्वगंधेची जवळची भावकी म्हणजे शेतातली चिरबोट. दोघींचं फळ फुगलेल्या पातळ वेष्टनात असतं, हे पोरांना आधीच ठाऊक आहे.

प्रयोगशाळेत मात्र औषधी झाडं छळतात. त्यांच्यातली फिनॉलं डीएनएला तपकिरी करतात, चिकट शर्करा त्याला लोंबकळत राहतात. सीटॅब या रसायनाच्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवून, क्लोरोफॉर्मनं धुऊन कसाबसा स्वच्छ धागा हाती येतो.

पुढची गफलत संगणकावर होते. हरितलवकाच्या गोल डीएनएत दोन सारखे तुकडे एकमेकांच्या उलट बसलेले असतात आणि त्यांच्यामुळे मधला लहान भाग एकाच झाडात दोन्ही दिशांनी सापडतो. जेफ्री पामर यांनी हे १९८३ मध्येच दाखवलं. तरी दोन क्रम शेजारी ठेवले, एकात तो भाग उलटा दिसला, की ‘मोठी उत्क्रांती’ म्हणून उत्साह सुरू! दिशा जुळवून घेतली की ती उत्क्रांती नाहीशी होते.

माझी खरी तक्रार वेगळीच. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक आईकडून येतं. संकर झाला असेल तर बापाबद्दल ते अवाक्षर काढत नाही. ज्यांच्यामुळे अश्वगंधेला भाव आहे ती विथॅनोलाइडं घडवणारी जनुकंही केंद्रकात असतात. लागवडीच्या जाड मुळाच्या अश्वगंधेला रानटीपासून वेगळी प्रजाती मानावं, असा प्रस्ताव काही भारतीय संशोधकांनी मांडला होता. तो वाद हरितलवकाच्या एकट्या साक्षीनं मिटणार नाही. केंद्रक वाचावं लागेल, मुळं तपासावी लागतील, आणि दोन्हींचं बी एकाच वाफ्यात लावून पाहावं लागेल.

तोवर एक विनंती. कुणाला अश्वगंधेचा क्रम मला पाठवायचा असेल, तर त्या झुडपाच्या दाबलेल्या फांदीचा हर्बेरियम क्रमांक सोबत द्या. त्याशिवाय मी तो तुलनेत घेत नाही.