आषाढातील पहिले पान

जानेवारीत भेट मिळालेली रोजनिशी आषाढ लागला तरी कोरीच होती. निम्मे वर्ष सरले, आता पुढल्या वर्षी पाहू, असे मन म्हणे. परंतु आम्हां बडोदेकरांना वर्ष एकच थोडे आहे? आमचे चैत्री पाडव्यास सुरू होते, गुजराती शेजाऱ्यांचे दिवाळीनंतर कार्तिकी पाडव्यास, कचेरीचे १ एप्रिलला. शिवाय चातुर्मासाचे नेम तर आषाढातच धरावयाचे!

निमित्त भाच्याचे झाले. "मामा, आजीविषयी काही लिहून द्याल?" असे त्याने विचारले. लिहावयास बसलो आणि चरकलो. जन्मभर कचेरीत गुजराती लिहिलेल्या हाताकडून 'आई' या शब्दावरची रेघच राहून गेली होती.

आषाढी एकादशीस नेम धरला. रोज दहा ओळी, मराठीत. चुकलेला दिवस मागाहून भरावयाचा नाही. पहिला आठवडा भाजीचे भाव आणि पाऊस यांतच गेला. मग एके सायंकाळी ओले सरपण फुंकणारी आई कागदावर उतरली. तिचे डोळे धुराने पाणावत, असे मी समजत आलो होतो. ते वडिलांच्या आजारपणाचे वर्ष होते, हे लिहिता लिहिता ध्यानी आले.

कार्तिकी एकादशी झाली. अकरा पाने कोरी राहिली, त्याची खंत नाही. वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी रोजनिशी असेल. जानेवारीची वाट पाहू नका.