गढूळ पाण्यातला गळ

थंडीत मासा गळाला येत नाही, आणि पाणी गढूळ असेल तर मुळीच येत नाही, असं गळ टाकणारा कुणीही सांगेल. आमचे मामा नेमकं हे दोन्ही जुळून आलं की घराबाहेर पडतात. डिसेंबर-जानेवारीची दुपार, करवीर तालुक्यातल्या त्यांच्या गावाबाहेरचं तळं, आणि त्यात नुकत्याच डुंबून गेलेल्या म्हशी. मामांचं वय ७४. यंदा त्यांना तळ्यावर जाऊ द्यायचं की नाही यावरून आमच्या घरात सरळ दोन पार्ट्या पडल्यात, म्हणून हे लिहायला बसलोय. (नातेवाईक मंडळी हे पान वाचतात याची मला कल्पना आहे. वाचाच!)

आधी पाण्याबद्दल. कोल्हापूरकराला गढूळ पाणी म्हटलं की पंचगंगेचा पूर आठवतो. २००५, २०१९, २०२१. ते गढूळपण बाहेरून वाहत येतं. पावसाळा सरला की नदी निवळते, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे घातले जातात आणि पाणी थांबतं. तळ्याचं हिवाळ्यातलं गढूळपण मात्र तळातून वर येतं. आमचं कोल्हापूर पडलं म्हशींचं. कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्यांचं. त्या म्हशी दुपारी पाण्यात उतरल्या की तळाची माती उठते, आणि तिचे कण इतके बारीक असतात की म्हशी घरी जाऊन त्यांच्या धारा काढून झाल्या तरी ते खाली बसत नाहीत.

आता मासा. आमच्याकडे चिलापी म्हणतात ती, म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली भारतात आणली आणि मग तळ्यातळ्यांतून अशी पसरली की आता तिला कुणी परकी म्हणत नाही. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लं जरा मोठी होईपर्यंत तोंडातच सांभाळते. अशा घरंदाज बाईचा वंश वाढणारच! पण ती ऊबदार पाण्यातली. पाणी २० अंशांच्या खाली उतरायला लागलं की तिची भूक मंदावते. म्हणून मामा पहाटे जात नाहीत. उन्हानं काठाचं उथळ पाणी तापलं की जातात.

मामेभाऊ इंग्लंडात असतो. तिकडे पर्च नावाचा मासा धरतात. अंगावर काळे पट्टे आणि पाठीवर काट्यांचा पंखा, आपल्या चिलापीसारखाच बोटात घुसणारा. थंडीत तो खोल पाण्यात कळपानं राहतो. डोळ्यांनी शिकार करणारा मासा, त्यामुळे पाणी गढूळ झालं की त्याला तोंडासमोरचंही नीट दिसत नाही. मग तिकडची मंडळी भडक रंगाचं नाहीतर पाण्यात थरथरणारं आमिष लावतात, किंवा सरळ गांडूळ. कारण माशाच्या कुशीवर एक रेघ असते, तिनं त्याला पाण्यातली हालचाल कळते. शिवाय वास कळतोच. डोळे बंद झाले म्हणून मासा काही उपाशी मरत नाही.

मामांना त्या रेघेबद्दल कुणी शिकवलेलं नाही, पण त्यांची रीत हीच. मोरीच्या पाण्याजवळची ओल उकरून गांडूळ काढायचं, तोडून लावायचं म्हणजे वास सुटतो. कळकाची काठी, तंगूस, शिश्याचा बारकासा तुकडा, लहान गळ. पाण्यावर तरंगणारी काडी ते लावतच नाहीत. तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घ्यायचा आणि गप्प बसायचं. मधूनच दोन बोटं ओढून सोडायचा, तळाशी गांडूळ हललं पाहिजे.

गेल्या रविवारी मी शेजारी बसलो होतो. माझ्या दोऱ्याला पिसाची काडी होती आणि ती तासभर हलली नाही. मामांनी तेवढ्या वेळात चार काढल्या.

"मामा, तुम्हाला कळतं कसं?"

"थंडीत मासा वढत न्हाई लेका. दोरा नुसता जड हुतो. तू काडीकडं बघत बसलाईस. ती हलायच्या आत त्यो चाखून जातोय."

हे खरंच होतं. त्यांनी एकदा माझ्या बोटावर तंगूस दिला. ओढ अशी नाहीच. कुणीतरी दोऱ्यावर ओला कापूस ठेवावा तेवढं वजन आलं, आणि गेलं.

मामा काडी का लावत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून मोकळे झालो असतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची एवढंच. आणि ती बहुधा कडेनं जाते. समोरचा माणूस दिसतो, पायाजवळचा दगड दिसत नाही. तळ्याचा काठ शेवाळलेला, म्हशींच्या पायांनी उकरलेला. मामी आणि ताई 'जायचं नाही' म्हणतात त्यात काहीच चूक नाही. त्यांना रात्री झोप लागत नाही हे मी पाहिलंय.

पण दुसरी बाजू कुणी मांडत नाही म्हणून मांडतो. गाडी मामांनी स्वतःहून सोडली. पेपर सुटला. भिशीचा हिशोब दुसऱ्याकडे गेला. घरात चहाचा कप उचलला तरी कुणीतरी "जपून" म्हणतं. प्रेमानंच म्हणतं, पण दिवसातून किती वेळा! तळ्याच्या काठावर तसं नाही. त्या पाण्यात मला दिसत नाही, माशाला दिसत नाही, मामांनाही दिसत नाही. आणि आम्हा तिघांत न दिसण्याचा सराव मामांइतका कुणालाच नाही. तिथे ते कुणाची मदत घेत नाहीत, उलट मला शिकवतात. एवढी एक जागा त्यांच्याकडून काढून घ्यावी असं मला वाटत नाही.

राहता राहिला मामीचा दुसरा आक्षेप, माशाला चिखलाचा वास येतो हा. येतो खरा. पहिल्या पावसात मातीचा वास सुटला की आपण कविता करतो, बहुतेक वेळा तोच पदार्थ माशात उतरतो आणि आपण नाक मुरडतो! मीठ आणि चिंचेच्या कोळात मुरवून धुतलं की बराच जातो. उरलेला कांदा-लसूण चटणीखाली सापडणार नाही. मार्गशीर्षात मामीकडे मासा शिजत नाही, तेव्हा शेजारच्यांची चंगळ.

तर माझा प्रस्ताव असा. एकटं जायचं नाही. बसायचं ते फक्त धुण्याच्या दगडी पायऱ्यांवर, मातीच्या काठावर नाही. सोबतच्यानं दोन पायऱ्या खाली बसायचं. चारच्या आत परत. आणि 'जपून' हा शब्द तिथे वापरायचा नाही.

मामांना विचारलं. म्हणाले, "चालतंय. पर येणाऱ्यानं बडबड करायची न्हाई."

रविवारचा मी आहे. बुधवारी कोण येतंय ते कळवा. गांडुळं मी काढून ठेवीन.